पाणी किती फेकतं?

डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणूस शोधावा लागत नाही. ट्रॉय, नोव्हाय, कँटन, कुठल्याही उपनगरात गणपतीच्या आरतीला हॉल भरतो आणि प्रसादाच्या रांगेत गप्पा निघतात त्या मोटारींच्या. मीही त्यातलाच. दिवसभर पडद्यावर बॅटरीचं तापमान बघत बसतो. हाताला ग्रीस लागतं ते फक्त शनिवारी, शेजाऱ्याच्या गॅरेजात.

शेजारी निवृत्त आहे, हयात कारखान्यात गेलेली. त्याच्याकडे 1969 ची शेव्हरोले कॅमेरो आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते जुना पत्रा खाऊन टाकतं. त्यामुळे असल्या गाड्या थंडीत झाकून ठेवतात आणि मालक इंजिन उघडून बसतात. यंदा त्याने स्ट्रोकर, म्हणजे पिस्टनचा प्रवास वाढवून मोठं केलेलं इंजिन, बांधायला घेतलं.

कॅमेरोचं इंजिन 350 क्युबिक इंचांचं, म्हणजे सुमारे 5.7 लिटर. आठ सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4 इंच, पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, 3.48 इंच. याच घराण्यात 1970 साली शेव्हरोलेने 400 चं इंजिन काढलं, त्याचा स्ट्रोक 3.75. जुन्या मेकॅनिकांनी त्याचा क्रँक उचलला, त्याची मेन जर्नल 2.65 इंचांची होती ती घासून 2.45 वर आणली आणि तो क्रँक 350 च्या ब्लॉकमध्ये बसवला. सिलिंडर तीस थाऊ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, बोअर केले की झालं 383. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आता तसा क्रँक तयारच मिळतो. शेजाऱ्यानेही विकतच आणला, पण जर्नल घासण्याची गोष्ट मात्र तो रंगवून सांगतो.

खरी गंमत पुढे. स्ट्रोक वाढला की पिस्टन वरच्या टोकाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जास्त चढतो आणि थेट हेडवर आपटेल. म्हणून पिस्टनची पिन वर सरकवलेले बुटके पिस्टन घ्यावे लागतात. खाली कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या कडेला घासतात, वर कॅमशाफ्टच्या अगदी जवळून जातात. खाली ग्राइंडरने ब्लॉक थोडा कोरायचा, क्रँक हाताने फिरवून बघायचा, पुन्हा कोरायचा. जरा जास्त कोरलं की पाण्याची वाट फुटते. एक अख्खा शनिवार आम्ही हेच केलं. ऑफिसात हेच काम संगणक एका मिनिटात करून देतो, पण त्याने हाताला काही कळत नाही.

मी कागदावर हिशेब मांडला. 350 चं 383 झालं म्हणजे 538 सीसी वाढले. त्यातले बोअरचे जेमतेम 86, बाकी सगळी कमाई स्ट्रोकची. आणि गावाकडे आमच्या विहिरीवर जे किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन होतं, ते 553 सीसीचं. म्हणजे ज्याच्यावर आमचा मळा भिजला, जवळजवळ तेवढं अख्खं इंजिन या गृहस्थाने हौसेखातर आपल्या गाडीत वाढवलं.

आमची टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली. सोलापूर जिल्ह्यातली ती वेगळी. हा खुलासा इथल्या मराठी मंडळातही करावा लागतो. आमच्याकडेही बोअर मारतात, पण झिजला म्हणून. राजदूतचा सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा, किर्लोस्करचं लायनर आणि रिंगा बदलायच्या. इंजिन होतं तसं परत चालावं, एवढीच अपेक्षा. चालत्या इंजिनावर पैसे घालून ते मोठं करायचं, हे गावात कुणाला सुचलं तरी त्याने बोलून दाखवलं नसतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. आरसी बुकात लिहिल्यापेक्षा वेगळं इंजिन चालत नाही. मिशिगनमध्ये तर पीयूसीसारखी धूरतपासणीच नाही. या शौकाला पेट्रोल किती लागतं आणि धूर किती निघतो, याचा हिशेब इथे कुणी मागत नाही. मला ते खटकतं. तरीही शनिवारी मी जातोच.

ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे वूडवर्ड ड्रीम क्रूझ, 1995 पासून. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग. याच वूडवर्ड रस्त्याचा एक मैल 1909 साली काँक्रीटचा झाला आणि साठच्या दशकात इथेच रात्री शर्यती लागायच्या. आता सगळे रांगत जातात. चारशे हॉर्सपॉवर, आणि वेग बैलगाडीचा.

गावाकडे अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मंग पाणी किती फेकतं?"

"अण्णा, गाडीचं इंजिन आहे."

"मंग कामून एवढं मोठं करतो तो?"

शेजाऱ्याला मी एव्ही-वनचा फोटो दाखवला. बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110. तो खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या 383 चा स्ट्रोक 95 च्या थोडा वर, आमच्या विहिरीवरच्याचा त्याहून लांब! फक्त ते मिनिटाला 1500 फेऱ्यांवर निवांत चालायचं, याचं सहा हजारांवर किंचाळतं. किर्लोस्करने ते कधी वाढवलं का, हा त्याचा लगेच पुढचा प्रश्न. वाढवलं की. टीव्ही-वन, स्ट्रोक तोच 110, बोअर 87.5, सीसी 661. "म्हणजे यांनी बोअरवर भागवलं," तो म्हणाला, थोडा नाराज होऊन.

आता त्याला तसलं एक इंजिन गॅरेजात हवंय. अण्णा म्हणतात, आपलं बंद पडलेलं गोठ्यात आहे, घेऊन जा म्हणावं, पण त्याला हँडल मारता येतं का ते आधी विचार.