मक्याची साखर

बोथ, कार्तिक. मक्याचे दाणे अंगणात वाळताहेत. मोहाची फुलं चैत्राशिवाय दिसायची नाहीत. आज सहज मनात आलं, आपल्या भागात मका एवढा पिकतो, तरी जुनी दारू मोहाचीच का?

मोहाच्या फुलात साखर तयारच असते. फुलं भिजवली की यीस्ट कामाला लागतं. मक्यात असतो स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या, आणि यीस्टला त्या तोडता येत नाहीत. म्हणून व्हिस्कीवाले आधी मक्याचं पीठ पाण्यात शिजवून स्टार्च फुगवतात, साधारण ६५ अंशांपर्यंत निववतात आणि मग मोड आणून वाळवलेल्या सातूचं पीठ मिसळतात. त्यातलं अमायलेज हे विकर साखळ्या कापतं. उकळत्यातच ते पीठ घातलं, तर विकर मेलं आणि मेहनत पाण्यात. आयोडीनच्या थेंबाने रंग निळा-काळा झाला, तर स्टार्च अजून शिल्लक आहे.

फ्रान्समध्ये पायाँ आणि पेर्सो यांनी १८३३ साली हे विकर मोडांतून वेगळं केलं. पण मला आवडतो तो जोकिची ताकामिने. १८९० च्या दशकात या जपानी माणसाने अमेरिकेत सातूच्या मोडांऐवजी कोजी बुरशी वापरून व्हिस्की करायचा घाट घातला!

घरी भट्टी लावणं गुन्हाच, आणि माझा जीव साखरेपर्यंतच रमतो. मोड आलेल्या ज्वारीचं पीठ कोमट मक्याच्या पेजेत घातलं, तरी पेज पातळ होते, गोडसर लागते. लेकरांना तीच देईन म्हणतो.