बुरशी आलेला तुकडा

जूनो, अलास्का

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. शाळेत रानभाज्यांचा आठवडा करायचा, मुलांनी घरून भाज्या आणायच्या, नावं फळ्यावर लिहायची आणि शेवटी एक तक्ता भिंतीवर लावायचा, असा तुझा बेत आहे. इथले त्लिंगिट लोक मुलांना त्यांचं खाणं आणि लिहिणं कसं शिकवतात, ते तू विचारलंस. मला वाटतं ते सरळच सांगते. तक्त्याने फारसं काही साधणार नाही. इथे मला जे मनापासून आवडलं, त्यात मूल आधी कामाला लागतं आणि पेन्सिल बरीच नंतर हातात येते.

हा सगळा मुलूख बेटांचा, पावसाचा आणि घनदाट जंगलाचा. ओहोटी लागली की पान वाढलंच, अशा अर्थाची म्हण इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. खडकांवरचं काळं समुद्री शेवाळ, तिसऱ्या, कालवं, जंगलातल्या बेऱ्या, हरणाचं मटण, सीलचं तेल, हॅलिबट आणि पाच जातींचा सॅमन. प्रत्येकाचा हंगाम ठरलेला, त्यामुळे मुलांचं वर्षही या हंगामांवर चालतं.

वसंतात सिटका या गावाच्या किनाऱ्याशी हेरिंग मासे अंडी घालायला येतात. तेव्हा लोक हेमलॉकच्या फांद्या तोडून उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. (सॉक्रेटिसला दिलेलं हेमलॉक वेगळं, हे सूचिपर्णी झाड आहे.) काही दिवसांनी फांदी वर काढली की तिच्या एकेका सुईवर अंड्यांचे थर चढलेले असतात, पांढरट आणि मोत्यांसारखे घट्ट बसलेले. आपली गाबोळी माशाच्या पोटातून काढतात, ही झाडावरून खुडायची. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायची आणि तेलाशी किंवा लोण्याशी खायची. दाताखाली कुरकुरते. पण मुलं त्यातून जे शिकतात, ते चवीच्या पुढचं आहे. ही अंडी खोक्यांत भरून बोटींनी, विमानांनी दुसऱ्या गावांतल्या नातेवाइकांकडे जातात. कुणाकडे किती आणि आधी कुणाकडे, हे घरातली मोठी माणसं ठरवतात आणि मूल शेजारी उभं राहून ऐकतं. मुलाने मिळवलेला पहिला मासा, पहिली शिकार म्हाताऱ्या माणसाला द्यायची, ही रीतही अशीच अंगी मुरते.

उन्हाळ्यात सॅमन. धुराच्या खोपटाशेजारी लांब टेबल मांडतात. मासा कण्याच्या कडेने चिरून उघडायचा, कातडी शाबूत ठेवायची, मांसावर आडव्या चिरा द्यायच्या म्हणजे धूर आतपर्यंत पोचतो, मग काठीवर टांगायचा. खाली अल्डरचं लाकूड धुमसत ठेवायचं. जाळ भडकला तर मासा शिजतो, विझला तर माश्या बसतात. लहान मुलांना सुरी देत नाहीत, त्यांच्याकडे पाणी आणणं आणि काठ्या पुरवणं असतं. आणि याच जागी भाषेला काम मिळतं. त्लिंगिटमध्ये वस्तू उचलण्या-देण्याची क्रियापदं त्या वस्तूच्या आकाराप्रमाणे बदलतात: गोल वस्तू, लांब काठी, भरलेलं भांडं, प्रत्येकाला वेगळं. हे वर्गात चित्रं दाखवून शिकवणं किती रटाळ होईल, तूच विचार कर. हातात काठी असेल आणि आजी ती मागत असेल, तर मूल ते एका सकाळीत उचलतं.

खाण्याला इतकं महत्त्व का, याचं उत्तर इतिहासात आहे. 1882 च्या 26 ऑक्टोबरला अमेरिकी नौदलाने अँगून या गावावर तोफा डागल्या. एका अपघातात गावचा शामन मेला होता, गावाने रीतीप्रमाणे त्याची भरपाई मागितली, तिला आलेलं हे उत्तर. घरं जळाली, होड्या फोडल्या आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न नष्ट केलं. सहा मुलं गेली. नौदलाने माफी मागितली 2024 साली, त्याच 26 ऑक्टोबरला, अँगूनमध्ये येऊन. हिवाळ्याच्या तोंडावर गावाचं अन्न जाळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या पणज्यांनी भोगलं, त्यांच्या घरी सुक्या माशाकडे कुणी नुसतं खाणं म्हणून बघत नाही.

पुढे मिशनच्या आणि सरकारी निवासी शाळा आल्या. भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. मुलांनी भाषा गिळून टाकली, आणि पुढे आपल्या पोरांना मार बसू नये म्हणून त्यांना शिकवलीही नाही. आज जन्मापासून त्लिंगिट बोलणारी माणसं फारच थोडी उरली आहेत. 2014 साली अलास्काने तिला इतर मूळ भाषांबरोबर राज्यभाषेचा दर्जा दिला, ते उशिराच. खाणं मात्र शाळेच्या आवाक्याबाहेर होतं. उन्हाळ्यात मुलं घरी येत आणि खोपटात धूर पेटलेला असे. म्हणून आता भाषा परत आणायची तर तिथूनच सुरुवात करावी, हे मला पूर्ण पटतं.

आता लिहिण्याचं. 1960 च्या दशकात कॉन्स्टन्स नेश आणि गिलियन स्टोरी या दोघींनी भाषेची लेखनपद्धती बसवली: रोमन अक्षरं, घशाच्या अगदी आतून येणाऱ्या ध्वनींसाठी अक्षराखाली रेघ. ती घेऊन पुढे आयुष्यभर काम केलं ते नोरा मार्क्स डाउनहाउअर यांनी (1927–2017). त्यांची मातृभाषा त्लिंगिट. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या कथा आणि भाषणं त्यांनी पती रिचर्ड यांच्याबरोबर शब्दन् शब्द उतरवून घेतली, मूळ भाषा एका पानावर, इंग्रजी समोरच्या पानावर. आणि त्यांची एक कविता आहे, नदीतला सॅमन चांगला कसा भाजायचा याची कृती. तिच्यात नदीकाठची आग आहे आणि शहरातला ओव्हनही आहे, डास आहेत, कावळे आहेत, सोबत जेवणारी माणसं आहेत. मुलांकडून लिहून घ्यायचं तर कृती अशी लिहून घ्यावी. साहित्य, प्रमाण, वेळ एवढंच लिहिलं तर ती कुणाचीही असते. कुणी शिकवलं, मासा कुठल्या ओढ्याचा, पहिला तुकडा कुणाला दिला, हे त्यात आलं की ती त्या मुलाची होते. तुझ्या मुलांनी भाजीचं नाव लिहिलं तर ती कुठल्या बांधावरची आणि कुणी दाखवली, हेही त्यांना लिहायला सांग.

बुरशी आलेल्या तुकड्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी. एका भुकेल्या मुलाला आई सुक्या सॅमनचा तुकडा देते, त्याच्या टोकाला बुरशी आलेली असते. तो चिडून फेकून देतो. सॅमन लोकांचा अपमान होतो आणि ते त्याला पाण्याखाली आपल्या जगात घेऊन जातात. तिथे त्याला नाव मिळतं ते त्या बुरशीवरूनच. पुढे तो सॅमन होऊन आपल्याच नदीत परततो. मासा चिरताना आईची सुरी गळ्यातल्या तांब्याच्या माळेला अडते आणि ती त्याला ओळखते. सीलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूटने लहान मुलांसाठी याचं चित्रपुस्तक काढलं, चित्रं मिकेला गोडे या त्लिंगिट चित्रकर्तीची. 2018 साली त्याला अमेरिकन इंडियन यूथ लिटरेचर अवॉर्ड मिळालं. ही गोष्ट सिटकाच्या किक्सादी कुळाची आहे आणि सांगताना तसं सांगावं लागतं. गोष्टी, गाणी, चिन्हं कुळाच्या मालकीची असतात, कुणीही उचलून आपली म्हणून छापायची नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. आपल्याकडे आदिवासी कथा परस्पर उचलून छापणाऱ्यांना कळत नाही, याचा मला राग येतो.

श्राद्धासारखा त्यांचा एक मोठा विधी असतो, कू.ईख. गेलेल्या माणसाच्या बाजूचे लोक समोरच्या बाजूच्या लोकांना जेवू घालतात. सगळा समाज रेव्हन आणि ईगल अशा दोन बाजूंत वाटलेला, आणि मूल आईच्या बाजूचं. गेलेल्यांची नावं घेऊन त्यांच्या आवडीचं अन्न अग्नीत घालतात. त्या दिवशी वाडगे नेऊन देणारी मुलं कुणाला काय वाढायचं ते शिकतात, आणि त्यातच आपलं नातंही शिकतात. नात्यांची ती वंशावळ फळ्यावर काढायची गरज राहत नाही.

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नये. हेरिंग पूर्वीसारखा राहिलेला नाही, असं सिटकाचे वडीलधारे सांगतात. व्यापारी बोटी अंडी घालायच्या आधीच मासा पकडतात आणि त्याची गाबोळी जपानला जाते. 2018 साली सिटकाच्या जमातीने या मासेमारीच्या व्यवस्थापनावरून राज्यावर दावा लावला. जी मुलं फांद्या बुडवायला जातात, त्यांनी हेही वाचावं आणि याबद्दलही लिहावं. अर्ज, निवेदन, सुनावणीत वाचायचं दोन मिनिटांचं म्हणणं हेसुद्धा लेखनच आहे. तुझ्या गावच्या खाडीत कारखान्याचं पाणी येतं त्याबद्दल सातवीच्या मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, तर मला ते रानभाज्यांच्या आठवड्याचाच भाग वाटेल.

पुस्तकं पार्सलने पाठवते आहे. गोडे यांचं ‘बेरी साँग’ पहिली-दुसरीला वाचून दाखव, त्यात आजी आणि नात बेऱ्या वेचतात. सॅमन झालेल्या मुलाची गोष्ट चौथीला, आणि सांगण्याआधी किक्सादी कुळाचं नाव घे. भाज्यांचं काम पावसाआधी सुरू करू नकोस, पहिल्या सरींनंतर जे उगवेल ते मुलांबरोबर जाऊन आण. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना नुसतं पाहुण्या म्हणून बोलावू नकोस, त्या दिवसाची मजुरी त्यांना दे. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर पैसे मी पाठवते.

तुझी,
धाकटी