ग्राउंडवरच्या पोरांना कायदा कशाला?

वकिली सांभाळून मी क्रीडाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कायदा शिकवतो. पहिल्या तासाचा प्रश्न ठरलेला. “सर, आम्ही ग्राउंडवरची माणसं, हे आमच्या काय कामाचं?”

मी कलमांपासून सुरुवात करतच नाही. नरसिंग यादवपासून करतो. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेलेला. डोपिंग प्रकरणात भारतात निर्दोष सुटला होता. ‘वाडा’ने अपील केलं आणि क्रीडा लवादाने कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी घातली. कुणीतरी मुद्दाम मिसळलं, हे त्याचं म्हणणं लवादाला पटलं नाही.

वर्ग पेटतो. “हा अन्याय आहे सर!” मग नियम सांगतो. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसं आलं हे त्यानेच पटवून द्यायचं. यातली बरीच पोरं उद्या कोच होणार, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात पावडरचा डबा देणार. २०२२ चा डोपिंगविरोधी कायदा कोचलाही लागू आहे, हे त्यांना तेव्हा कळतं.

दुसरा विषय पोक्सो. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. गप्प बसणं हा गुन्हा. संस्थाप्रमुख गप्प बसला तर एक वर्षापर्यंत कैद. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

यावर एका मुलीने विचारलं, “सर, तक्रार कोचची असेल आणि सिलेक्शनही त्याच्याच हातात असेल तर?”

वर्ग शांत झाला. याचं उत्तर कलमात नाही. २०२३ मध्ये ऑलिंपिक पदक मिळवलेल्या कुस्तीपटूंनाही जंतरमंतरवर बसावं लागलं, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावरच एफआयआर नोंदवला गेला. मग तालुक्याच्या मैदानावरच्या पोरीने कुणाकडे जायचं? मी तिला एवढंच म्हणालो, उद्या तू कोच होशील तेव्हा निवड आणि तक्रार एकाच माणसाच्या हातात राहू देऊ नकोस.

अनेक ठिकाणी हा विषय ‘पास होण्यापुरता’ शिकवला जातो. तो नीट शिकवला पाहिजे.

आणि पालकांनो, अकॅडमीची फी भरताना बूट-किटची चौकशी करताच. सोबत एवढंही विचारा: कोचविरुद्ध तक्रार असेल तर ती ऐकणार कोण? नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. उत्तर ‘कोचच’ असेल, तर पावती फाडायच्या आधी विचार करा.