डिंक्या

हिंगण्याबाहेर, वेणा नदीच्या बाजूस, आमची संत्र्यांची लहानशी बाग आहे. तींतील विहिरीजवळचें एक झाड आजोबांच्या विशेष प्रेमांतलें होतें. पाटाचें पाणी प्रथम त्याला मिळे, आणि तें बुंध्याशीं तुडुंब सांचल्यावांचून आजोबा पाट पुढें वळवीत नसत. "झाडाले पोटभर पाजा लागते," असें ते म्हणत. चार वर्षांपूर्वीं त्या झाडाला असा कांहीं बहर आला, कीं फांद्यांना टेकू द्यावे लागले. आईनें शेजाऱ्यांकडे पाठविण्यासाठीं टोपल्यासुद्धां काढून ठेविल्या. परंतु फळें लिंबाएवढींच राहिलीं, पानें पिवळीं पडलीं, आणि पुढच्या उन्हाळ्यांत तें झाड उभें वाळून गेलें.

त्याच्या बुंध्यावर पिंगट डिंक ओघळून सुकला होता. साल नखानें सुटत होती व आंतून कुजकट तपकिरी निघत होती. 'डिंक्या' हें नांव आमच्याकडे लहान पोरही जाणतें. मात्र डिंक हाच रोग, अशी माझी समजूत होती. पुढें शाळेंत सूक्ष्म जंतूंचा पाठ आला, तेव्हां ती चुकीची ठरली. डिंक ही झाडाचीच प्रतिकाराची खटपट होय. खरा वैरी डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचें नांव फायटोफ्थोरा, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यानें 1876 सालीं हें नांव योजिलें. याच्याच एका भाऊबंदानें 1845 पासून आयर्लंडांतील बटाट्याचें पीक बुडविलें, आणि त्या दुष्काळांत सुमारें 10 लक्ष माणसें दगावलीं.

याच्या बीजाणूंना दोन दोन सूक्ष्म शेपट्या असतात. ओल्या मातींतील पाण्यांतून पोहत ते कोंवळ्या मुळांपर्यंत किंवा सालीच्या जखमेपर्यंत पोंचतात, आंत शिरतात, आणि पेशींच्या भिंती विरघळविणारे रस सोडून तेथेंच आपला संसार थाटतात. आतां गंमत पाहा (गंमत म्हणवत नाहीं खरें). मुळांतून वर जाणारें पाणी लांकडांतून चढतें. पानांनीं तयार केलेली साखर मात्र सालीच्या आंतल्या थरांतून खालीं उतरते. साल कुजली म्हणजे पाण्याची वाट कांहीं काळ चालू राहते, पण साखर वरच अडते. त्यामुळें फांद्यांवर फुलांची गर्दी होते, आणि खालीं मुळें उपाशी मरतात. ज्या बहराचा आम्हीं एवढा आनंद मानिला, तो मुळांच्या तोंडचा अडलेला घास होता!

माणसाच्या पटकीची तऱ्हाही अशीच विपरीत आहे. तिचा जंतु आंतड्याचें मांस खात नाहीं. तो एक विष सोडतो, व त्या विषामुळें आंतडें शरीरांतलें पाणी व क्षार स्वतःच बाहेर लोटूं लागतें. हें विष प्रयोगानें दाखवून देण्याचें श्रेय कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांना आहे; तें साल 1959.

मीं हें सर्व आजोबांना समजावून सांगितलें. पाणी बुंध्याला लागूं नये म्हणून खोडाभोंवतीं आंत एक व बाहेर एक असें दुहेरी आळें करावें, पाणी बाहेरच्यांत सोडावें, रोगट साल खरडून तेथें मोरचूद व चुना यांचें बोर्डो मलम लावावें, हेंही सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे मीच मारलं कां रे त्याले?"

मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच ते कुदळ घेऊन बागेंत गेले. एकेक बुंधा वांकून तपासतां सात झाडांवर डिंक आढळला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या मापानें मलम कालवून तें पावसाळ्यापूर्वीं व नंतर लावण्याचा क्रम त्यांनीं आजवर चुकविलेला नाहीं. पांच झाडांच्या जखमा भरत आल्या आहेत. उरलेल्या दोहोंना यंदा फार बहर आला आहे.