दौंडचा विसर्ग

आमच्या टेंभुर्णीत आषाढात आभाळ रोज भरून येतं आणि वारं ते सोलापूरकडं पळवून नेतं. नेमके तेव्हाच दिवाळी अंकांचे फोन सुरू होतात. अंग चिकचिकतंय, रानात फुफाटा उडतोय, आणि संपादकांना हवा प्रसन्न ललित लेख! त्या दिवसांत माझं एक पान धड होत नसे. चिडचिड घरच्यांवर निघायची.

यावर उतारा सापडला तो अण्णांमुळे. अण्णा उजनीच्या कालव्यावर पाटकरी होते. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी सकाळी हॉटेलात चहा समोर येण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "दौंडचा विसर्ग किती?" पाऊस पडतो तिकडं सह्याद्रीत, भीमेचं, मुळा-मुठेचं पाणी दौंडवरून उजनीत उतरतं. इथं थेंब नसताना धरण चढत राहतं. उजनीची क्षमता 117 टीएमसी, त्यातला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा. त्यामुळं धरण निम्म्याहून जास्त भरलं तरी हिशेब शून्यच. म्हणून ‘उजनी प्लसमध्ये आली’ म्हटलं की गावाचा चेहरा बदलतो, उसाच्या लागणीचे बेत सुरू होतात. दुसऱ्यांच्या पावसावर खूश होणारा मुलूख आमचा. मीही त्यातलाच.

अण्णांची एक वही आहे. वही म्हणजे साखर कारखान्याची डायरी. रोज एक ओळ, निळ्या शाईत : ‘वारं पश्चिमेचं. पाणी खाली. कडबा संपला.’ खाडा नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, पळसदेवचं पाण्यातलं देऊळ उघडं पडलं. तेव्हाच्या ओळी तर दोन-दोन शब्दांच्या. मी विचारलं, "लिहिण्यासारखं काही नसतं, तेव्हा कशाला लिहिता?"

"मास्तर, पानी नसलं तरी चारीवर चक्कर मारावीच लागती. कुटं फुटलीया, ते तवाच दिसतं."

मी त्यांना दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचून दाखवलं. 1956 सालचं पुस्तक, माझं लाडकं. अण्णा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई लई बारीक बघत्यात. पर ह्यो आखाड आपला न्हवं."

खरंच होतं. आमचे महिने वेगळे. मग मीही चैत्र-वैशाखात ओळीपुरतं लिहू लागलो आणि परतीचा पाऊस पडला की त्या ओळी काढून बसू लागलो. माझा खरा हंगाम कार्तिकानंतरचा. ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, मळीचा वास घरात शिरतो. धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. शाळू पोटरीत येतो. पहाटे बोटं गारठून अक्षर वेडंवाकडं येतं, पण पान पुढं सरकतं. दिवाळी अंकाला आता मी आदल्या हिवाळ्यातला लेख देतो. संपादकांना अजून पत्ता नाही.

अण्णांची 2024 ची डायरी वाचायला म्हणून आणली, ती माझ्याकडंच आहे. भेटले की मागतात. मी दौंडचा विसर्ग विचारतो.