ऑर्गन, तबला आणि गिटार : उपासनेचा सूर कोणता?

१/
मरोळ असो वा बोरिवली, मुंबई उपनगरांतील कितीतरी ख्रिस्ती घरांत रविवारच्या मिस्सेनंतर एक वाद रंगतो. गिटार आणि ड्रमच्या साथीने गाताना नातीला प्रार्थना जिवंत वाटते. आजीला ऑर्गनच्या संथ सुरांतली शांतता हरवल्याची खंत असते. हा वाद मात्र नातीहून आणि आजीहूनही जुना आहे.

२/
१६१६ साली इंग्लिश जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या! जात्यावरचा छंद ख्रिस्तकथेला चालला. पुढे १७३६ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनने ख्रिस्ती लग्नघरांतल्या ओव्या आणि देशी वाद्ये यांवरच बंदी घातली.

३/
२२ नोव्हेंबर १९०३. पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो, ढोल आणि झांजा निषिद्ध ठरवल्या. स्त्रियांना गायकवृंदात स्थान नाही, असेही त्याच आदेशात होते. म्हणजे त्या नियमाने आजी आणि नात, दोघीही गायकवृंदाबाहेर राहिल्या असत्या.

४/
प्रॉटेस्टंटांचा वाद निराळा होता. मिशनऱ्यांची भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर गायली जात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांची पदे आजही ‘उपासना संगीत’मधून गायली जातात.

५/
४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट दिली. त्या दस्तऐवजात ग्रेगोरियन गायन आणि ऑर्गन यांचा गौरव आहे. स्थानिक संगीतपरंपरेचा आणि इतर वाद्यांच्या स्वीकाराचा मार्गही आहे. आजीला आधार एका कलमात सापडतो, नातीला दुसऱ्यात.

६/
याच काळात अंधेरीच्या ज्ञान आश्रमात जर्मन धर्मगुरू जॉर्ज प्रोक्श भारतीय रागसंगीतात ख्रिस्ती भजने आणि नृत्यनाट्ये रचत होते. पुढे भारतीय शैलीच्या उपासनेवर काही कॅथलिकांनी ‘हिंदूकरणा’चा आक्षेप घेतला. ज्यांचे बालपण लॅटिन प्रार्थनांत गेले होते, त्यांना तबला आणि आरती परकी वाटली. त्यांचे दुःख खोटे नव्हते: तोंडपाठ असलेली प्रार्थना हातातून निसटणे म्हणजे आईवडिलांचा आवाज पुन्हा एकदा हरवणे.

७/
मग १९७० च्या दशकात करिश्माई नवजागरणाची चळवळ मुंबईत आली. गिटार, टाळ्या आणि उत्स्फूर्त गायन घेऊन. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरीत आहेत. आज ड्रमला नाक मुरडणाऱ्या काहींनी तेव्हा गिटारसाठी वडीलधाऱ्यांचा रोष पत्करलेला असू शकतो!

८/
ओवी, ऑर्गन, तबला, गिटार : यांतले प्रत्येक वाद्य वा छंद कुणासाठी तरी नवखा होता आणि कुणासाठी तरी वारसा. म्हणून ‘पवित्र वाद्य कोणते’ या प्रश्नाचा निकाल इतिहास देत नाही. १९६३ च्या दस्तऐवजाने मात्र एक कसोटी दिली आहे : सर्व श्रद्धावंतांचा सक्रिय सहभाग.

९/
ही कसोटी दोन्ही पिढ्यांना अडचणीत आणते. केवळ गायकवृंदाने म्हणायचे आणि सभेने निमूट ऐकायचे, असे लॅटिन गायन तिच्यावर उतरत नाही. दर आठवड्याला बदलणारे, मागच्या बाकावरच्या म्हातारीला कधीच पाठ न होणारे नवे गीतही नाही. वाद सोडवायचा असेल, तर पुढल्या रविवारी वाद्यांकडे पाहू नये. मागे वळून किती ओठ हलताहेत, ते पाहावे.