पुरणयंत्र सध्या कुणाकडे?

कुवेतमध्ये घर शोधायचं म्हणजे आधी हारिस गाठायचा. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. बहुधा इजिप्तचा, तळमजल्यावरच्या खोलीत राहणारा. किल्ल्या त्याच्याकडे, भाडं न्यायला येणार तोच, नळ गळला तरी हाक त्यालाच. सालमियात आम्ही फ्लॅट पाहत फिरत होतो तेव्हा प्रत्येक हारिसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "फॅमिली?" मी आणि लेक शेजारी घामाघूम उभ्या असलो तरी तो विचारायचाच. एकट्या पुरुषाला कुटुंबांच्या इमारतीत सहसा कुणी जागा देत नाही, मग तो पन्नाशीचा तीन मुलांचा बाप का असेना. आमचं फॅमिली असणं एकदाचं मान्य झालं आणि किल्ल्या खुळखुळल्या.

फ्लॅट मिळाला तो अगदी कोरा. भिंती, एसी आणि बोललेलं परत ऐकू येणारा हॉल. फर्निचरच्या दुकानांतून हिंडलो, किमती पाहून दिनारचे रुपये केले आणि हात हलवत परतलो. (नवा आलेला प्रत्येक जण हा हिशेब करतो. ही खोड सुटली नाही तर इथे कांदेसुद्धा घेववणार नाहीत.) मग जुन्या मंडळींनी शहाणं केलं: संसार जाणाऱ्यांकडून घ्यायचा.

जाणारे इथे बारमाही असतात. कुणाची नोकरी संपलेली, कुणाची मुलं बारावी झालेली, कुणाचे आईवडील गावी थकलेले. बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, काचेवर कागद चिकटलेले असतात: सोफा, कपाट, मुलाची सायकल, खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या, हवी ती फाडून न्यायची. आमचा सोफा नागपूरच्या कुटुंबाचा, त्यांनी तो एका मल्याळी नर्सकडून घेतलेला. वॉशिंग मशीन अबू हलिफाहून टेम्पोत आडवं पडून आलं. आणि पुरणयंत्र तर विकतच मिळालं नाही, ते वारशानं आलं. दांड्याची लाकडी मूठ केव्हाच गेलेली, तिच्या जागी कुणीतरी सुती पट्टी घट्ट गुंडाळलेली. बुडाला नेलपॉलिशनं तीन आडनावं, पैकी दोन खोडलेली. होळी जवळ आली की इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, पुरणयंत्र सध्या कुणाकडे? सालमिया, फहाहील, मंगफ असं फिरत फिरत ते ज्याच्या घरी पोचतं तिथे त्या शुक्रवारी पुरण वाटलं जातं. सण कुठल्याही वारी आला तरी साजरा व्हायचा शुक्रवारी. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी ऑफिस.

वस्तूंबरोबर अक्कलही हातोहात पुढे जाते. जूनपासून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग गीझर बंद ठेवायचा. त्याची टाकी घरात, एसीच्या गारव्यात, त्यामुळे आतलं पाणी निवलेलं असतं. लाल खुणेचा नळ सोडला की गार आणि निळ्या खुणेचा सोडला की कढत. हे आम्हांला नागपूरच्या वहिनींनी सोफ्याचे पैसे मोजता मोजता सांगितलं. ज्या देशातल्या मित्रिबा नावाच्या ठिकाणी जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंशांची नोंद झाली, तिथे ही माहिती सोफ्यापेक्षा मोलाची.

तसं पाहिलं तर या गावाचा संसारच बाहेरून आणलेला. तेल निघण्याआधी पिण्याचं गोडं पाणी शत्त-अल-अरबमधून गलबतांत भरून यायचं. गलबतांचं सागवान मलबारचं. ती गलबतं खजूर घेऊन मुंबईला जायची आणि तांदूळ, मसाले, कापड घेऊन परतायची. १९६१ पर्यंत चलनसुद्धा रुपयाच होतं. दिनार निघाला तेव्हा तो तेरा रुपये तेहतीस पैशांना पडला. आज अडीचशेच्या वर मोजावे लागतात. मुबारकिया बाजारात वेलदोडे हुंगताना मला हे आठवतं आणि उगाच हक्काचं वाटतं. मासळीबाजारात तर जास्तच. झुबैदी म्हणून जी चढ्या भावानं विकली जाते ती पापलेट पाहून मूळचा रत्नागिरीकर नवरा विक्रेत्याशी मालवणीत घासाघीस करायला लागतो, आणि गंमत म्हणजे भाव उतरतो.

हा गोतावळा फॅमिली व्हिसा मिळण्याइतका पगार असलेल्यांचा, हेही सांगायला हवं. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती बेडस्पेस. एका खोलीत सहा-सात जण. तिथेही जाणारा येणाऱ्याला गादी देतो आणि भिंतीवरचा खिळा. १२ जून २०२४ च्या पहाटे मंगफमधल्या कामगारांच्या अशाच एका इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. मंगफ आमच्या पुरणयंत्राच्या वाटेवरचं गाव. त्या आठवड्यात ग्रुपवर पाककृती कुणी टाकल्या नाहीत.

देऊन जाण्याची सवड न मिळालेलेही खूप. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज आली. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी नेले गेले, बहुतेक जण बसनं बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला. त्या काळातल्या एक काकू अजून इथे आहेत. त्यांना निघताना दाराला कुलूप घालायचं की नाही यावरून झालेलं भांडण आठवतं. कुलूप घातलं, एवढंच. मागे काय काय राहिलं ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

घर विकत घेण्याचा प्रश्न आमच्यापुरता निघतच नाही, आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. तरी काकूंच्या खिडकीत कढीपत्ता पुरुषभर वाढलाय आणि त्यांचं 'पुढच्या वर्षी कायमचं परत' दर वर्षी नव्यानं ऐकू येतं.

परवा खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचं नवं जोडपं आलं. चहाला बोलावलं. गीझरचं गणित समजावलं, भाजी जमियात, म्हणजे सहकारी भांडारात, घ्यायची की बकाल्यात ते सांगितलं. मुलगी लाघवी आहे. उठता उठता तिची नजर वॉशिंग मशीनवर गेली.

"काकू, तुम्ही जाल तेव्हा हे आम्हांला द्याल?"

ह्यांना चहाचा ठसका लागला. मी म्हटलं, "अगं, त्याला दोघींनी आधीच सांगून ठेवलंय. शिलाई मशीन चालेल का?"